एचपीव्हीची लस 'लग्नाआधी बघू' की सातवीतच? प्रीकॅन्सरचे आकडे कसे वाचायचे आणि घरात कसं ठरवायचं

मी नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, पॅप स्मिअरच्या (गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन करतात ती तपासणी) स्लाइड रंगवायच्या आणि डॉक्टरांच्या आधी एकदा नजरेखालून घालायच्या हे रोजचं काम. त्यामुळे सोसायटीत, भिशीत, माहेरी कुठेही गेलं की विषय निघतोच, आणि हल्ली तर एकच प्रश्न, ती एचपीव्हीची लस, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळायची लस, मुलीला द्यायची का आणि द्यायची तर कधी. एकाच ग्रुपवर सकाळी कोणी "लसीने कॅन्सर ८७ टक्के घटला" टाकतं आणि संध्याकाळी दुसरं कोणी "ही लस घेतली की मूल होत नाही" टाकतं, मधल्यामधे आया गोंधळतात, मग सोपा मार्ग काय तर "बघू पुढे, लग्नाआधी देऊन टाकू". नेमकं हेच करायचं नाहीये. का ते आकड्यांतूनच दिसतं, फक्त ते वाचायची जरा पद्धत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस आणि बाकीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या, पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं हे तरी माहीत असलेलं बरं.

प्रीकॅन्सर म्हणजे काय, हे आधी

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एकदम उगवत नाही. आधी एचपीव्ही नावाचा व्हायरस लागतो, तो शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका कॉमन आहे की बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, कळतही नाही. दहातल्या साधारण नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपला आपण निघून जातो. उरलेल्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, आणि त्यातही १६ आणि १८ नंबरचे प्रकार असतील तर जास्त वाईट, जगातल्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात. (हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन, त्यांना २००८ चं नोबेल मिळालं.)

व्हायरस वर्षानुवर्षं राहिला की तिथल्या पेशी बदलायला लागतात. या बदललेल्या पेशींना प्रीकॅन्सर म्हणतात, बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये तेच सीआयएन १, २, ३ असं लिहून येतं. १ म्हणजे बहुतेक वेळा नुसता इन्फेक्शनचा ठसा, आपोआप जातो, नुसतं लक्ष ठेवतात. २ मधलं, काहींचं जातं काहींचं वाढतं. ३ मात्र हलक्यात घ्यायचा नाही. न्यूझीलंडमध्ये पूर्वी काही बायकांना सीआयएन ३ असूनही नीट उपचार न देता नुसतं बघत बसले होते, त्यावर पुढे चौकशी झाली, केवढा गहजब झाला, पण त्यातून एक गोष्ट कळली की उपचार न केलेल्या सीआयएन ३ पैकी साधारण ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. म्हणजे तिघींतली एक. आणि ३० वर्षं हा काळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पॅपच्या रिपोर्टमध्ये शब्द वेगळे येतात, तिथे एनआयएलएम लिहिलं असेल तर सुटलात, नॉर्मल आहे. एलसिल म्हणजे हलका बदल, एचसिल म्हणजे मोठा. स्लाइडवर फरक छान दिसतो खरं तर. एलसिलमध्ये पेशी चांगली ऐसपैस असते, मधलं न्यूक्लियस बेदाण्यासारखं सुरकुतलेलं आणि त्याच्याभोवती मोकळी पांढरी जागा, कडा एकदम ठसठशीत, एकदा बघितलं की विसरत नाही. एचसिलमध्ये पेशीच छोटी झालेली असते आणि न्यूक्लियस मोठं, काळपट, त्याच्याभोवती जागाच उरलेली नसते. लस जे थांबवते ते हे.

आकडा समोर आला की पहिलं बघायचं: मोजलंय काय?

"लसीने घट झाली" एवढंच वाचून पुढे जाऊ नका. कशाची घट? इन्फेक्शनची, प्रीकॅन्सरची की कॅन्सरची? तिन्ही वेगळे आकडे असतात आणि फॉरवर्डमध्ये सगळी भेळ होते.

क्रम असा असतो, आधी इन्फेक्शन कमी होताना दिसतं, मग काही वर्षांनी प्रीकॅन्सर, आणि सगळ्यात शेवटी कॅन्सर, कारण इन्फेक्शन ते कॅन्सर हा प्रवासच साधारण १०-१५ वर्षांचा किंवा त्याहून लांब आहे, ती ३० वर्षं आठवा. लस बाजारात आली २००६ मध्ये. मोठ्या प्रमाणावर शाळाशाळांत द्यायला सुरुवात ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये केली, इंग्लंड-स्कॉटलंडने २००८ मध्ये. तेव्हा १२ वर्षांच्या असलेल्या मुली आत्ता कुठे तिशीच्या आसपास आल्यात. म्हणून सुरुवातीची कितीतरी वर्षं सगळे अभ्यास प्रीकॅन्सरवरच होते आणि लोक म्हणायचे "बघा, कॅन्सर कमी झाल्याचा पुरावाच नाही". पुरावा यायला वेळ लागणारच होता. शिवाय अभ्यासात कोणा बाईला सीआयएन ३ सापडला तर तिला कॅन्सर होतो का हे बघत बसता येत नाही, लगेच उपचार करावाच लागतो, नाहीतर तो न्यूझीलंडचाच प्रकार पुन्हा.

इंग्लंडचा अभ्यास २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात दोन्ही आकडे आहेत. २०१९ च्या मध्यापर्यंत लसीमुळे साधारण ४५० कॅन्सर टळले आणि सीआयएन ३ टळले १७ हजारांवर. हे बघितलं की कळतं प्रीकॅन्सर आधी का मोजतात, तिथे फरक लवकर आणि ढळढळीत दिसतो. आणि ते १७ हजार नुसते आकडे नाहीत हां, त्यातल्या बहुतेकींना कोल्पोस्कोपी (दुर्बिणीतून तपासणी), बायोप्सी, पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढणं, मग वर्षानुवर्षं फॉलोअप हे सगळं करावं लागलं असतं, ऐन पंचविशीत.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: लस कोणत्या वयात दिली होती?

हा एक प्रश्न विचारला नाही तर बाकी सगळं वाचून काही उपयोग नाही. त्याच इंग्लंडच्या अभ्यासात मुलींचे तीन गट होते, कारण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मोठ्या मुलींनाही लस देऊ केली होती. ज्यांना १२-१३ व्या वर्षी देऊ केली त्यांच्यात सीआयएन ३ तब्बल ९७ टक्क्यांनी घटला, कॅन्सर ८७ टक्क्यांनी. १४ ते १६ वाल्या गटात सीआयएन ३ ची घट ७५ टक्के आणि कॅन्सरची ६२. आणि १६ ते १८ मध्ये? ३९ आणि ३४. देश तोच, लस तीच, पण चार-पाच वर्षं उशीर (आणि मोठ्या गटांत प्रत्यक्ष लस घेतलेल्याही कमी होत्या). ९७ चे ३९ झाले.

ग्रुपवर फिरतो तो ८७ चा आकडा यातला पहिल्या गटाचा आहे. तो वाचून कोणी २४ वर्षांच्या मुलीला लस दिली आणि ८७ टक्के संरक्षण मिळालं असं समजलं तर ते चूक.

स्वीडनमध्ये १६ लाखांहून जास्त मुली-बायकांचा अभ्यास झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तिथेही हेच. १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत कॅन्सर ८८ टक्के कमी, १७ ते ३० मध्ये घेतलेल्यांत ५३ टक्के कमी. आणि स्कॉटलंडचा २०२४ चा निकाल तर असा की १२-१३ व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींमध्ये पिशवीच्या तोंडाचा एकही कॅन्सर सापडला नाही. एकही.

कारण सरळ आहे. ही लस आलेला व्हायरस हाकलत नाही, तो आत शिरू देत नाही. एकदा शिरून बसला की त्या प्रकारावर लसीचा उपयोग नाही, आणि झालेला प्रीकॅन्सरही लसीने बरा होत नाही. म्हणून लस व्हायरसशी गाठ पडायच्या आधी द्यायची. आणि लहान वयात अंगात अँटिबॉडीसुद्धा जास्त चांगल्या तयार होतात म्हणून एक-दोन डोसमध्ये भागतं.

मागे निफाडकडची एक बाई लॅबला आली होती स्वतःचा रिपोर्ट घ्यायला, द्राक्षबाग आहे घरची, बरोबर आठवीतली पोरगी. डॉक्टरांनी मुलीसाठी लस लिहून दिली होती, ती चिठ्ठी माझ्यासमोर धरून हळूच म्हणाली, "ताई, हिचं अजून काहीच नाही हो, शाळेत जाते. आत्तापासून कशाला ही भानगड? लग्न ठरलं की देऊ ना." मी म्हटलं, "ताई, अजून काही नाही म्हणूनच आत्ता. पोलिओचा डोस काय पोलिओ दिसायला लागल्यावर पाजला होता का हिला?" हसली. मग खरा प्रश्न आला, तोही दाराकडे बघून, "पण लोकं म्हणतील ना, एवढ्या पोरीला ही लस कशाला." याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं, लोकांना सांगायचं कशाला, दंडावर एक सुई आहे, धनुर्वाताची पण तिथेच देतात.

तिसरं: टक्के बघितले, आता हजारात किती ते बघा

टक्केवारी फसवी असते. "९० टक्के घट" म्हणजे दहाचा एक झाला की दहा हजारांचे एक हजार झाले? स्कॉटलंडचा २०१९ चा अभ्यास यासाठी चांगला आहे. तिथे तेव्हा २० व्या वर्षी स्क्रीनिंगला बोलवायचे. १९८८ मध्ये जन्मलेल्या, म्हणजे लस न मिळालेल्या मुलींमध्ये त्या वयात सीआयएन ३ किंवा त्याहून वाईट निघण्याचं प्रमाण ०.५९ टक्के होतं. १९९५-९६ मध्ये जन्मलेल्या, १२-१३ ला लस मिळालेल्या मुलींमध्ये ते ०.०६ टक्के झालं. म्हणजे हजारात जवळपास सहाजणींना व्हायचं, आता हजारात एकही पुरती भरत नाही. हीच ती ८९ टक्के घट. २० व्या वर्षीच हजारात सहा, वय वाढेल तसं हे वाढत जाणार होतं, म्हणून हा आकडा छोटा वाटून घेऊ नका.

याच अभ्यासात अजून एक गंमत दिसली, त्याच बॅचच्या लस न घेतलेल्या मुलींमध्येही प्रमाण घटलं. बहुतेक सगळ्या वर्गमैत्रिणींनी घेतल्यामुळे व्हायरस फिरणंच कमी झालं. पण ते कधी, तर दहातल्या जवळपास नऊ मुलींनी घेतली तेव्हा. आपल्याकडे सोसायटीत दोघींनी घेतली म्हणून तिसरीने निर्धास्त राहायचं नाही.

चौथं: तपासणीच कमी झाली म्हणून तर आकडा कमी नाही ना?

हे बघायला लोक हमखास विसरतात. समजा तरुण मुलींची पॅप करणंच बंद केलं तर प्रीकॅन्सर सापडणारच नाही आणि कागदावर वाटेल की घटला. अमेरिकेत खरंच तसं झालं होतं, तिथे तपासणीचे नियम बदलले, कमी वयात आणि वरचेवर करणं बंद केलं. म्हणून तिथले लोक तपासणी झालेल्या मुलींपैकी किती जणींना निघाला असा हिशोब लावतात. तसा लावूनसुद्धा २० ते २४ वयाच्या मुलींमध्ये २००८ ते २०२२ या काळात सीआयएन २ आणि त्यावरचे बदल ७९ टक्क्यांनी घटलेले दिसले. हा हिशोब ज्या बातमीत नाही ती बातमी अर्धीच समजा.

आपल्याकडे हे आकडे लावायचे कसे

इंग्लंड-स्वीडनमध्ये दर काही वर्षांनी घरी पत्र येतं की या, तपासणी करून जा. तिथे लस नव्हती तेव्हाही बहुतेक प्रीकॅन्सर वेळेत पकडले जात होते. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी पिशवीच्या तोंडाची तपासणी एकदा तरी झालेल्या निघाल्या जेमतेम २ टक्के. शंभरात दोघी! आणि देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो, ८० हजारांच्या जवळपास जातात. म्हणजे तिथे लसीने मुख्यतः उपचार टळले, इथे जीव वाचणार आहेत. फक्त प्रीकॅन्सर किती घटला हे आपल्याकडे कोणाला पटकन दाखवता येणार नाही, मुळात मोजतंय कोण? आकडा दिसला नाही म्हणजे उपयोग नाही असं कोणी म्हटलं तर हे लक्षात ठेवा.

आणि सगळं परदेशातलंच आहे असंही नाही. २००९ मध्ये भारतात एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात आपलं बार्शी होतं, पुणे-मुंबई होती. १० ते १८ वयाच्या मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे होते, पण २०१० मध्ये सरकारने मधेच लसीकरण थांबवलं, त्यामुळे जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. अभ्यास बोंबलला असं वाटलं, पण पुढे दहा वर्षं या मुलींवर लक्ष ठेवलं आणि निघालं काय तर १६ आणि १८ चं टिकून राहणारं इन्फेक्शन रोखण्यात एक डोस ९५ टक्के, दोन-तीन डोसवाल्याही ९३ च्या आसपास, फरक नाहीच जवळपास. आज जगभर एका डोसचं धोरण येतंय त्यामागे या आपल्या पोरींचा मोठा वाटा आहे. फक्त लक्षात घ्या, हा आकडा इन्फेक्शनचा आहे, प्रीकॅन्सरचा नाही. पहिला प्रश्न, मोजलंय काय.

आता प्रत्यक्ष काय करायचं

वय ९ ते १४ सगळ्यात चांगलं. पैसे भरण्याआधी एक चक्कर मारा, शहरात असाल तर जवळच्या मनपाच्या आरोग्य केंद्रात नाहीतर (नाशिककरांनी) मनपाच्या बिटको किंवा झाकीर हुसेन रुग्णालयात, गावात असाल तर पीएचसीला किंवा आशाताईंना विचारा की सध्या कोणत्या वयाच्या मुलींना सरकारी लस मोफत मिळतेय. मुलगी त्यात बसत असेल तर बाहेर खर्च करायचं कारणच नाही.

खासगीत घ्यायची तर मुलांचे डॉक्टर किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ दोघंही देतात. मुख्य चर्चा दोन लसींची होते. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक, २०२३ मध्ये बाजारात आली, ६, ११, १६, १८ या चार प्रकारांवर, डोसमागे साधारण दोन हजार. आणि गार्डासिल ९, नऊ प्रकारांवर, ती डोसमागे दहा हजारांच्या घरात. "महागडी नाही परवडत म्हणून थांबलोय" हे मी गंगापूर रोडपासून सातपूरपर्यंत सगळीकडे ऐकलंय. थांबू नका. इंग्लंड-स्कॉटलंडमधले ते ९७ आणि ८९ टक्के आले तेव्हा तिथे दिलेली लस फक्त दोनच प्रकारांवर होती, १६ आणि १८. सर्व्हाव्हॅक नवी आहे, तिचे स्वतःचे असे वीस वर्षांचे आकडे अजून असूच शकत नाहीत, तिला मंजुरी मिळाली ती जुन्या, चार प्रकारांवरच्या गार्डासिलइतक्याच अँटिबॉडी तयार होतात हे दाखवून. मला विचाराल तर १२ व्या वर्षी दिलेली स्वस्तातली लस ही १८ व्या वर्षी दिलेल्या महागड्या लसीपेक्षा केव्हाही बरी.

डोस किती? जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून म्हणतेय की ९ ते २० वयात एक किंवा दोन चालतील. आपल्याकडचे खासगी डॉक्टर १४ वर्षांपर्यंत बहुधा दोन देतात, सहा महिन्यांच्या अंतराने, आणि १५ च्या पुढे तीन. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर तीन, हे डॉक्टरांना आधी सांगा. दोन डोसचं गणित शाळेच्या हिशोबाने सोपं बसतं, पहिला मे महिन्याच्या सुट्टीत, दुसरा दिवाळीच्या सुट्टीत. दुसरा लांबला तर घाबरू नका, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, पुढचा घेऊन टाकायचा. फार लवकर मात्र नको, पाच महिन्यांच्या आत दुसरा घेतला तर आणखी एक द्यावा लागतो.

मेडिकलमधून लस घेऊन स्वतः दवाखान्यात न्यायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. लस २ ते ८ डिग्रीत राहायला हवी, आणि आपल्याकडे मे मध्ये द्वारकाच्या सिग्नलला ॲक्टिव्हाच्या डिकीत काय तापमान असतं ते वेगळं सांगायला नको. उलट काही जण बर्फात थेट दाबून आणतात, तेही चूक, गोठली की फुकट गेली. दवाखान्याच्याच फ्रिजमधून काढलेली घ्या, बाटलीवरचं नाव आणि एक्स्पायरी डोळ्यांनी बघा, बॅच नंबर कार्डावर लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा, कार्डं हरवतातच.

त्या दिवशी मुलीला उपाशी नेऊ नका. या वयात सुई बघून चक्कर येण्याचं प्रमाण जास्त असतं, लसीमुळे नाही, भीतीमुळे, म्हणून बसवून किंवा आडवं करून टोचायचं आणि नंतर पंधरा मिनिटं तिथेच थांबायचं, लगेच गाडीवर मागे बसवून निघायचं नाही. दंड दुखतो, कधी थोडा ताप येतो, दोनेक दिवसांत जातं. पाळी चालू असली तरी चालतं. ताप असेल तर पुढे ढकला, आधीच्या डोसला किंवा यीस्टला गंभीर ॲलर्जी असेल तर नाहीच. गरोदरपणात देत नाहीत. आणि लसीआधी मुलीची आतली कुठलीही तपासणी लागत नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण कित्येक आया याच धास्तीने येत नाहीत.

मुलग्यांनाही देतात, एचपीव्हीमुळे घशाचे आणि इतर काही कॅन्सर पुरुषांनाही होतात. पण बजेट एकाचंच असेल तर आधी मुलगी.

अफवांना काय उत्तर द्यायचं

"मूल होत नाही" याला काही आधार नाही. लसीत जिवंत व्हायरस नसतो, मेलेलाही नसतो, नुसतं त्याच्या वरच्या कवचाचं प्रोटीन असतं, त्याने इन्फेक्शन होऊच शकत नाही. उलट सीआयएनसाठी पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढावा लागला तर पुढच्या बाळंतपणात दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणजे मूलबाळ सुखरूप व्हावं ही काळजी असेल तर लस घेण्याकडेच कल हवा.

"मुली मेल्या होत्या" हे मात्र थोडं थांबून सांगावं लागतं, कारण त्यामागे खरी घटना आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा भागात एका प्रकल्पात लस दिली गेली, त्यातल्या सात मुलींचा नंतर मृत्यू झाला. चौकशीत कारणं निघाली ती सर्पदंश, पाण्यात बुडणं, विषबाधा, ताप अशी, लसीशी संबंध सापडला नाही. पण पालकांची संमती घेण्यात गलथानपणा झाला होता, आणि त्यावर संसदीय समितीने जे ताशेरे ओढले ते योग्यच होते. दोन्ही गोष्टी सांगा, अर्धी सांगितली की लोकांचा विश्वास उडतो.

घाबरून थांबलं की काय होतं ते जपानने दाखवलं. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने लसीची शिफारस करणं थांबवलं आणि ७० टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण १ टक्क्याच्याही खाली गेलं. २०२२ मध्ये पुन्हा सुरू केलं. मधल्या नऊ वर्षांतल्या मुलींचं तेवढं हुकलं.

आणि आईचं काय?

मुलीला घेऊन येणाऱ्या दहा आयांपैकी स्वतःची तपासणी झालेली क्वचित एखादी असते. तिशी ओलांडली की लसीपेक्षा तपासणी महत्त्वाची. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २००९ मध्ये आला होता, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच!

सरकारी आरोग्य केंद्रात पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं द्रावण लावून बघतात, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवतात, फुकट होतं, दोन-चार मिनिटांचं काम. खासगीत पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट. पॅपला येताना पाळी संपलेली असू द्या, आधीचे दोन दिवस आत कुठलं क्रीम-गोळी नको, संबंधही नको, नाहीतर स्लाइडवर पेशींऐवजी भलतंच दिसतं आणि पुन्हा बोलवावं लागतं. पांढरं जातंय, संबंधानंतर रक्त दिसतंय, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलंय, असं काही असेल तर स्क्रीनिंगची वाट बघू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

रिपोर्ट एलसिल किंवा एचसिल आला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुढची पायरी कोल्पोस्कोपी, त्यात दुर्बिणीतून बघून लागली तर बायोप्सी. सीआयएन २-३ निघाला तर बहुतेक वेळा तेवढाच भाग जाळून किंवा काढून काम होतं, सुट्टी त्याच दिवशी. "पिशवीच काढून टाका, कटकट नको" असं कोणी म्हणालं, मग ती सासूबाई असो नाहीतर डॉक्टर, तर बायोप्सीचा रिपोर्ट हातात घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये किती गाजलं ते आठवत असेलच.

आणि लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे, १६-१८ सोडून बाकीचे प्रकार उरतातच. कार्डाचा फोटो जपून ठेवा म्हटलं ते त्यासाठीही, तेव्हा डॉक्टर पहिलं हेच विचारतील की लस कोणती आणि कितव्या वर्षी घेतली होती.